वाढदिवसाला घरचं जंगल: कागदाचे प्राणी बनवण्याची पद्धत

वाढदिवसासाठी घरीच प्राणी बनवायचे ठरलं की बहुतेकजण मोबाइलवर चित्रं शोधतात आणि मिश्या, पापण्या, नखं असल्या बारकाव्यांत अडकतात. प्रत्यक्षात सजावट दिसते ती आठ-दहा फुटांवरून, तीही पोरांच्या गलक्यात. तेवढ्या लांबून प्राणी ओळखू येतो तो बाह्यरेषेवरून. सिंहाची आयाळ, सशाचे कान, हत्तीची सोंड, जिराफाची मान.

म्हणून रंगीत कागद कापायला घेण्याआधी एक सोपी परीक्षा करा. प्राण्याचा नुसता आकार काळ्या कागदातून कापा आणि नाक-डोळे न काढता घरातल्या किंवा शेजारच्या चार वर्षांच्या पोराला दाखवा. लगेच नाव सांगितलं तर तो प्राणी घ्या. 'कुत्रा... नाही, अस्वल' अशी अडखळ झाली तर सोडून द्या. कोल्हा, लांडगा, कुत्रा, अस्वल हे सगळे इथे नापास होतात. वाघही नापासच होतो, कारण पट्ट्यांविना तो मोठं मांजर दिसतो. पण भगवा रंग आणि पाच-सहा जाड काळे पट्टे दिले की चालून जातो.

दहा बाय बाराच्या हॉलला तीन गोष्टी पुरतात: बारा तोंडांचं एक तोरण, दोन मोठे सिंह आणि लगद्याचा एक हत्ती. याहून जास्त केलं तर भिंतीवर गर्दी होते आणि आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागावं लागतं. तोरणाला एक संध्याकाळ लागते, सिंहांना दोन तास. हत्तीचं हातकाम तीन-चार तासांचंच असतं, पण वाळायला दिवस जातात. वाढदिवस रविवारी असेल तर हत्ती बुधवारी सुरू झालाच पाहिजे, पावसाळ्यात सोमवारी.

सामान

रंगीत कार्डपेपर २२० ते २५० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) घ्या. शाळेच्या क्राफ्टला आणतात तो घोटीव कागद दिसायला छान, पण पातळ असतो. एकटा टांगला की तासाभरात गुंडाळी होते. तो गाल, जीभ, कानाची आतली बाजू अशा चिकटवायच्या तुकड्यांनाच ठेवा. जाड कागद विकत घेण्याआधी कपाटातल्या लग्नपत्रिका काढा. हल्लीच्या पत्रिका इतक्या जाड असतात की कान, पंजे आणि मागचे आधार त्यातूनच निघतात.

याखेरीज पांढरा फेविकॉल, पंचिंग मशीन, सुतळी, पिवळा आणि तपकिरी क्रेप पेपर, १० इंची फुगे (लागतो एक, पण आणा चार), जुनी वर्तमानपत्रं, थोडे पांढरे कागद, मैदा आणि अॅक्रिलिक रंग. पोस्टर कलर स्वस्त पडतात, पण घामट हात लागला की उतरतात आणि वाढदिवसाचा पांढरा फ्रॉक राखाडी होतो. थर्माकोलच्या डिश आणि सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या 'थर्माकोलची डिश घ्या' या सूचना सोडून द्या. कागदी डिश घ्यावी, आणि चंदेरी मुलामा असलेली तर नकोच. त्या मुलाम्यावर ना रंग बसतो ना फेविकॉल. तीच घरात असेल तर उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर काम करा.

बारा तोंडांचं तोरण

तोंडाचं वर्तुळ १० सेंटिमीटरचं ठेवा, १२ चं नाही. कारण साधा हिशेब आहे: सरळ ओळीत मांडली तर ए-फोर कागदातून १२ सेंटिमीटरची दोनच वर्तुळं निघतात, १० ची चार. डब्याचं तेवढ्या मापाचं झाकण शोधा आणि पेन्सिलने गिरवा. हत्ती, सिंह, ससा, माकड, प्रत्येकी तीन.

राखाडी दोन कागद लागतील. एकातून हत्तीची तीन तोंडं, दुसऱ्यातून ८ सेंटिमीटर व्यासाचे सहा कान. सशाला एकच पांढरा कागद पुरतो. चारपैकी तीन वर्तुळं तोंडाला वापरली की खाली सुमारे साडेनऊ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते, तिच्यातून ३ बाय ९ चे सहा कान बरोबर बसतात. माकडाला तपकिरी एक. उरलेल्या जागेतून ५ सेंटिमीटरचे सहा गोल कान काढा, आणि चेहऱ्यावर बदामाच्या आकाराचा फिका तुकडा चिकटवा. तो तुकडा नसेल तर माकडाचं अस्वल होतं. सिंहाची तोंडं पिवळ्या कागदातून. आयाळीसाठी १४ सेंटिमीटरची तीन वर्तुळं तपकिरी कागदातून काढावी लागतात. एका कागदात दोनच मावतात, म्हणून दोन कागद. या मोठ्या वर्तुळाच्या कडेला सव्वा-दीड सेंटिमीटर खोल काप द्या आणि पेन्सिलीवर गुंडाळून थोडे पुढे वळवा.

डोळे काढताना नवख्यांची हटकून होणारी चूक म्हणजे ते चेहऱ्याच्या वरच्या भागात काढणं. प्राणी मग वयस्क आणि खडूस दिसतो. बाळाच्या चेहऱ्याकडे नीट बघा: कपाळ मोठं, डोळे खाली. तोंडाच्या मध्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि डोळे तिच्या किंचित खाली, एकमेकांपासून लांब ठेवा. काळ्या बुबुळात पांढरा ठिपका द्यायचा तर दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. एक डावीकडे आणि एक उजवीकडे गेला की प्राणी तिरळा होतो.

आता भोकं. प्रत्येक तोंडाला वरच्या बाजूला, कडेपासून दीड सेंटिमीटरवर, एकमेकांपासून ४ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा. एकाच भोकावर टांगलेलं तोंड पंखा लावला की भिंतीकडे वळतं आणि पाहुण्यांना पाठ दाखवतं. सुतळी मागून आणायची, एका भोकातून पुढे काढून दुसऱ्यातून परत मागे न्यायची. पुढे दिसणारा तुकडा कपाळावरच्या झुलुपाखाली किंवा छोट्या टोपीखाली झाकता येतो. घसरू नये म्हणून मागे चिकटपट्टीचा एक तुकडा.

ससा इथे दगा देतो. त्याचे लांब कान भोकांच्या वर येतात, त्यांचं वजन तोंडाशी जवळजवळ तोलून जातं आणि ससा शीर्षासन करतो. म्हणून सशाची भोकं कपाळावर पाडू नका, दोन कानांच्या मध्यावर एकेक पाडा. अशी सुतळी कानांतून गेली की ससा कानांना धरून लोंबतोय असं दिसतं, मुलांना ते भयंकर आवडतं.

दोन तोंडांमध्ये २० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. तोंड १० आणि फट २०, असे बारा म्हणजे ३६० सेंटिमीटर, जवळपास बारा फूट. बांधायला दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर आणि झोळाला थोडी, म्हणून सुतळी पाच मीटर कापा.

कागदी डिशचा सिंह

सात इंची डिशचा घेर साधारण ५६ सेंटिमीटर असतो. डिश आधी पिवळी रंगवून वाळू द्या. क्रेप पेपरच्या २ सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी दुमडून तिची दोन्ही टोकं एकत्र आणा, म्हणजे पाकळीसारखा फासा तयार होतो. असे २८ फासे डिशच्या मागच्या कडेवर शेजारीशेजारी चिकटवले की एक घेर पुरा होतो. दुसरा घेर दुसऱ्या रंगाचा, पहिल्यातल्या दोन फाशांच्या मधोमध येईल असा. म्हणजे एका सिंहाला ५६ पट्ट्या. एकेक कापत बसू नका, क्रेपची गुंडाळी न उलगडता सुरीसारख्या धारेच्या कात्रीने २ सेंटिमीटरचे काप काढा आणि मग लांबी तोडा.

क्रेपला फेविकॉल टिपक्याएवढाच लावा. जास्त झाला की क्रेप भिजतो, सुरकुत्या मोडतात आणि रंग सुटून बोटांना, तिथून पिवळ्या तोंडाला लागतो. ओल्या हाताने या कागदाला हातच लावू नये. याच कारणाने क्रेपच्या झिरमिळ्या पांढऱ्या भिंतीला टेकवून लावू नका. पावसाळी हवेत त्यांचा डाग उतरतो आणि तो निघत नाही.

सिंहाचं नाक चेहऱ्याच्या मानाने भलतंच मोठं ठेवा, चार सेंटिमीटर रुंद, उलटा त्रिकोण, कोपरे गोल. मिशांसाठी खराट्याचे हीर वापरू नयेत. ते बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. काळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या पुरेत.

लगद्याचा हत्ती

नाव लगद्याचं असलं तरी लगदा कुटायचा नाही. फुग्यावर कागदाच्या पट्ट्यांचे थर चढवायचे आहेत.

खळ अशी करा. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. दुसरीकडे चार वाट्या पाणी उकळा, आच मंद करा, मैद्याचं पाणी धार धरून ओता आणि ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत पांढरटपणा जाऊन खळ पारदर्शक होऊ लागते. तेव्हा उतरवा. कच्ची राहिली तर पट्ट्या वाळल्यावर सुटतात. गार होताना वर साय धरते, ती काढून टाका. पुस्तकं बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या वस्तूत अजिबात नको. चमचाभर मीठ घाला आणि उरलेली खळ फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

फुगा पूर्ण फुगवू नका. २२ सेंटिमीटरच्या आसपास थांबा, म्हणजे तो गोलही राहतो आणि फुटण्याचा धोकाही कमी. गाठ खाली करून एका पातेल्यात बसवा. काहीजण कागद सुटावा म्हणून फुग्याला तेल चोळतात. तेलाने रबर कमजोर होतं आणि फुगा दुसऱ्या थराला फुटतो. त्याऐवजी पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा द्या, खळ दुसऱ्या थरापासून.

वर्तमानपत्र कापायचं नाही, फाडायचं. फाडलेल्या कडा विरळ असतात आणि एकमेकींत मिसळून जातात, कापलेली कड रंगाखालून रेघेसारखी दिसते. कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. दोन्हीकडून फाडून बघा आणि सरळ फाटणारी दिशा धरा. ३ सेंटिमीटर रुंद, १० लांब पट्टी हवी. निम्मी निम्मी एकमेकींवर येईल अशी लावायची तर एका थराला साधारण शंभर पट्ट्या लागतात, म्हणजे दोन मोठी पानं.

पट्टी खळीत बुडवा आणि दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जादा खळ निपटून टाका. सगळ्या कामातली ही एकच गोष्ट हाताला शिकवावी लागते. पट्टी ओली असावी, पण तिच्यातून थेंब पडता कामा नये. थबथबलेली पट्टी खाली घसरते, आतून दोन दिवस ओली राहते आणि मग तिला बुरशीचा वास येतो. लावल्यावर मधून बाहेरच्या बाजूला बोट फिरवून हवा काढा. गाठीभोवती पाच सेंटिमीटर जागा उघडी ठेवा.

पहिले दोन थर वर्तमानपत्राचे, तिसरा पांढऱ्या कागदाचा, चौथा पुन्हा वर्तमानपत्राचा, पाचवा पांढऱ्याचा. रंग बदलल्यामुळे कुठे थर पुरा झाला आणि कुठे सुटला ते डोळ्यांना दिसतं. एका बैठकीत दोनच थर द्या, पुढचे मागचे वाळल्यावर.

वाळवायला उन्हात ठेवण्याचा मोह होतो. उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते आणि फुगा फुटतो, किंवा ओला थर ताणून तडकवतो. सावलीत, गाठीला दोरी बांधून पंख्याच्या वाऱ्याखाली टांगा. कोरड्या हवेत दोन थरांना एक रात्र पुरते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दोन दिवस धरा. वाळलं की नाही हे गालाला लावून बघा, बोटांपेक्षा गालाला गारवा लवकर कळतो. टिचकी मारल्यावर टणक आवाज आला पाहिजे. मगच गाठ घट्ट धरून तिच्याजवळ बारीक छेद द्या आणि हवा हळूहळू जाऊ द्या. ओलसर असताना टाचणीने फाडकन फोडलं तर फुगा आत खेचला जातो आणि हत्तीच्या गालाला खड्डा पडतो. पडलाच तर भोकातून बोट घालून बाहेर ढकला आणि वरून दोन पट्ट्या लावा.

आता त्याचा हत्ती. आपल्याकडच्या हत्तीच्या कपाळाला दोन उंचवटे असतात, आफ्रिकेतल्या हत्तीला ते नसतात. लिंबाएवढे दोन चुरगळलेल्या कागदाचे गोळे डोक्यावर शेजारीशेजारी ठेवून वरून पट्ट्या लावा. एवढ्याने तो चेंडू एकदम आपला हत्ती दिसू लागतो. कान खऱ्या मापाने लहान असायला हवेत, पण इथे प्रमाण मोडा: २० बाय २४ सेंटिमीटर, दुहेरी कार्डपेपरचे. कानाला २ सेंटिमीटरची पाकळी ठेवा, डोक्याला ६ सेंटिमीटरची उभी चीर द्या, पाकळी चिरेतून आत सारून दुमडा आणि खळीच्या पट्टीने बसवा. नुसते वरून चिकटवलेले कान समारंभाच्या मध्यावर गळतात.

सोंड घडीची करा. जाड ड्रॉइंग पेपरच्या ४ सेंटिमीटर रुंद, ६० लांब दोन पट्ट्या, एक फिकी राखाडी, एक गडद. टोकं काटकोनात एकमेकांवर चिकटवा, मग खालची पट्टी वरच्यावर दुमडा, पुन्हा खालची वर, असं शेवटपर्यंत. सोडली की स्प्रिंगसारखी लोंबते आणि पंख्याच्या वाऱ्यावर डुलते. कार्डपेपरची केली तर ती ताठ होऊन हवेत उभी राहते.

रंगवण्याआधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या, नाहीतर बातम्यांचे मथळे राखाडीतून डोकावतात. नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा राखाडी सिमेंटसारखा दिसतो, त्यात चिमूटभर निळा घाला.

टांगण्यासाठी डोक्यावर दोन भोकं पाडून सुतळी ओवा आणि आतून तिला आइस्क्रीमची काडी आडवी बांधा. काडी नसेल तर दोरी कागद चिरत वर येते. बारशाला पाळणा टांगला होता ती छताची कडी अजून असेल तर उत्तम. नसेल तर खिडकीचा गज किंवा पडद्याचा रॉड. पंख्याला काहीही बांधू नका, कोणीतरी सवयीने बटण दाबतंच.

लावताना

भिंतीला डिस्टेंपर असेल तर चिकटपट्टी पावडरीसकट सुटते, ऑइलपेंट असेल तर सुटताना रंग सोलते. भिंतीचा भरवसा न धरता गजापासून रॉडपर्यंत सुतळी ताणा. सिंहांनाही मागे सुतळीचा फासा लावून खिळ्याला अडकवा. तोरणाचा झोळ मधोमध साडेसहा फुटांच्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येक उंच काका माकडाला डोकं लावत आत येतो.

औक्षणाचा पाट आणि केकचं टेबल कागदी सजावटीपासून किमान एक मीटर लांब ठेवा. निरांजनाची वात शांत असते, पण ओवाळताना हात फिरतो आणि क्रेप क्षणात पेट घेतो. बाजारात मिळणाऱ्या काही फेसाच्या स्प्रेमधला वायू ज्वालाग्राही असतो, मेणबत्ती पेटलेली असताना तो उडवू देऊ नका. तीन वर्षांखालची मुलं येणार असतील तर हलणारे प्लास्टिकचे डोळे टाळा आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. दोन्ही घशात अडकतात.

हत्तीच्या पोटात खाऊ

चॉकलेटांनी भरलेला मोठा फुगा फोडायची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याजागी हा हत्ती वापरता येतो. काठीने फोडायचा असेल तर पाचऐवजी तीनच थर द्या, पाच थरांचा हत्ती आठ वर्षांच्या मुलांनाही दाद देत नाही. खाऊ अर्ध्या किलोच्या आत ठेवा, बिस्किटं नकोत, आतच चुरा होतो. काठी एका वेळी एकाच मुलाच्या हातात, बाकीचे दोन मीटर मागे.

वाढदिवस तीन-चार वर्षांच्या मुलाचा असेल तर मात्र काठी नकोच. चार दिवस ज्याला नाव देऊन ठेवलं, त्या हत्तीला मारताना बघून बहुतेक मुलं रडतात. त्यांच्यासाठी पाच थरांचाच हत्ती करा आणि तळाला, गाठीच्या जागी उरलेलं भोक पट्ट्यांनी बुजवून, आठ सेंटिमीटरचं चौकोनी दार कापा. तीन बाजू कापायच्या, चौथी बिजागरीसारखी ठेवायची. खाऊ भरून दार कागदी चिकटपट्टीच्या एका तुकड्याने बंद करा आणि दाराला पाच-सहा रिबिनी लावा, त्यातली एकच खरी अडकवलेली. प्रत्येकाने एकेक रिबीन ओढायची. दार उघडलं की खाऊ पडतो, आणि हत्ती दुसऱ्या दिवशी खिडकीत तसाच लोंबत असतो.